फोटो तर आले, आता मुलांना लिहितं कसं करायचं?

प्रश्न : मी चौथीला शिकवते. आमची परदेशातल्या एका शाळेशी जोडी जमलीय, दोन्हीकडची मुलं एकमेकांना फोटो पाठवतात. सुरुवातीला जाम उत्साह होता, पण आता गाडी 'ही आमची शाळा', 'हे आमचं मैदान' यापुढे जातच नाही. काही मुलं अजून धड एक वाक्य लिहीत नाहीत, खरंतर त्यांच्यासाठीच हे सुरू केलं होतं. कुठे चुकतंय?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, फोटोत मैदान दिसतंच आहे, मग 'हे मैदान' हे लिहायचंच कशाला? मुलांना न दिसणारं लिहायला सांगा.

१९७३ मध्ये पेरूत साक्षरता मोहीम चालू होती, त्यातला एक किस्सा नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी लिहून ठेवलाय. लोकांना प्रश्न विचारायचे आणि त्यांनी फोटो काढून उत्तर द्यायचं. 'शोषण म्हणजे काय?' असं विचारल्यावर एका मुलाने भिंतीतल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्यांना काहीच कळेना, मुलांना मात्र लगेच पटलं, कारण बूटपॉलिश करणारी ही पोरं राहायची लांब, रोज पेटी वाहून नेणं जमायचं नाही म्हणून शहरात कुणाच्या तरी भिंतीवरचा खिळा भाड्याने घेऊन त्यावर पेटी टांगायची. आता हाच फोटो दुसऱ्या देशात पाठवला तर? नुसता खिळा! तो कळायला शब्द लागणारच, आणि लांबचा वाचक असण्याचा खरा फायदा हाच आहे, शेजारच्या बाकावरच्या मित्राला सगळं माहीत असतं, त्याला काय लिहून सांगणार.

म्हणून पहिलं म्हणजे कॅमेरा हातात द्यायच्या आधी लिहू द्या, कशाचा फोटो काढणार, का, जवळून की लांबून. छायाचित्रकार वेंडी इवाल्ड यांनी अमेरिकेत डरहॅमच्या शाळांमधून फोटोग्राफीतून साक्षरतेचं काम उभं केलं, त्यातही फोटो आणि लेखन हातात हात घालूनच चालतं, स्वतः, कुटुंब, आपली वस्ती, स्वप्नं असे विषय असतात. स्वप्नाचा फोटो काढायचा म्हटलं की मुलं आपोआप विचार करायला लागतात, बघाच करून.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांना फोटोबद्दल बोलू द्या, तुम्ही त्यांच्याच शब्दांत, अगदी घरच्या बोलीत बोललं तरी तसंच उतरवून घ्या (इथे प्लीज 'शुद्ध' करू नका) आणि मग त्यांनाच वाचायला लावा. स्वतःचं वाक्य असलं की मूल अडखळत का होईना पण वाचतं, धड्यातल्या वाक्याचं तसं होत नाही. भाषांतर नंतर मोठ्यांनी करावं.

आणि तिकडच्या शिक्षकांशी एवढंच ठरवा की 'छान आहे' असं उत्तर पाठवायचं नाही, प्रत्येक फोटोला एक प्रश्न पाठवायचा. 'मैदानात कोपऱ्यात ती मुलगी एकटी का उभी आहे?' असा प्रश्न आला की दुसरा खर्डा मुलं स्वतःहून लिहायला बसतात.

फोटोतल्या माणसांची आणि पालकांची परवानगी मात्र आधीच घ्या, आणि सोबत मुलांची पूर्ण नावं किंवा पत्ते पाठवू नका.