हार्ड डिस्क बदलल्यावर विंडोज पुन्हा विकत घ्यावी लागते का? घरी टाकता येते का?

तुमची अडचण अशी: २०२१ मध्ये घेतलेला, अकराव्या पिढीचा आय ५ लॅपटॉप. विंडोज आधीपासून टाकलेलीच मिळाली होती. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून दुकानातून एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवून आणलीत. आता चालू केला की 'नो बूटेबल डिव्हाइस' येतं आणि दुकानदार विंडोजचे वेगळे पैसे मागतोय.

पैसे देऊ नका. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, डिस्कमध्ये नसते. डिस्क कितीही वेळा बदला, लायसन्स तुमचंच राहतं. आणि तो संदेश म्हणजे बिघाड नव्हे, नवी डिस्क कोरी आहे इतकंच.

एवढ्या ठामपणे सांगतोय कारण आम्ही हे भोगलंय. बाबांच्या लॅपटॉपची डिस्क लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात बदलून घेतली, विंडोजही तिथेच टाकून घेतली. घरी आल्यावर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडलं, तर 'तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेद्वारे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. बाबा निवृत्त शिक्षक, लॅपटॉप घरचा, संस्था कुठून आली? होम या साध्या आवृत्तीचं लायसन्स असताना दुकानदाराने क्रॅक केलेली, म्हणजे चोरीची, प्रो आवृत्ती टाकली होती, आणि क्रॅक चालावा म्हणून अँटिव्हायरसही बंद केला होता. त्याच लॅपटॉपवरून बाबा पेन्शनचं खातं बघतात. मी दुसऱ्याच दिवशी सगळं पुसून पुन्हा टाकलं. तुमच्याकडे 'डिजिटल लायसन्स' असे शब्द दिसले पाहिजेत.

आता घरी कसं करायचं. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ चं मीडिया क्रिएशन टूल उतरवा आणि किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर सेटअप बनवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आधी रिकामा करून घ्या. विंडोज १० परत टाकत बसू नका, तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचं मशीन ११ ला चालतं आणि १० चं लायसन्सही तिला लागू होतं.

चार्जर लावून पेनड्राइव्हवरून बूट करा, म्हणजे लॅपटॉप डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून सुरू करा. बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, असुसला एस्केप. जुनी डिस्क यूएसबीला जोडलेली असेल तर या वेळी काढून ठेवा. एक तर चुकून तीच फॉरमॅट होते, दुसरं म्हणजे बूटच्या फाइल्स कधी कधी तिच्यावर जाऊन बसतात आणि ती काढली की नवी डिस्क सुरूच होत नाही.

अकराव्या पिढीत खरी अडचण पुढे येते. डिस्क निवडायच्या पानावर यादी कधी कधी रिकामीच दिसते. माणूस घाबरतो, एसएसडी खराब निघाली म्हणून पुन्हा दुकानात पळतो. एसएसडी चांगली असते. इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे ती असते आणि सेटअपकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून तुमच्या मॉडेलचा 'इंटेल रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर घ्या, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा. डिस्क 'अनअलोकेटेड' म्हणून लगेच दिसते. ती निवडून नेक्स्ट करा, पार्टिशन सेटअप स्वतः करतो. होम की प्रो हे त्याने विचारलंच नाही, तर बोर्डातली की सापडली असं समजा. विचारलं, तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय घेऊन पूर्वी होती तीच आवृत्ती निवडा.

पुढे इंटरनेट मागेल आणि कदाचित वाय-फाय दिसणार नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, काम होतं.

जुनी डिस्क मात्र दुकानात सोडून येऊ नका, राहिली असेल तर आजच मागून आणा. तुमचे फोटो, कागदपत्रं सगळं तिच्यात आहे. यूएसबी केसिंगमध्ये घालून आधी महत्त्वाचं तेवढं उतरवा. जुनी डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल आणि तिने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. डिस्क टकटक वाजत असेल तर पुन्हा पुन्हा जोडून बघू नका, तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आणि मराठीत काम करत असाल तर फॉन्ट विसरू नका. बाबांच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. नव्या विंडोजवर फाइल उघडली तर 'खालील प्रश्न सोडवा'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. बाबा म्हणाले, 'गेलं सगळं.' काहीच गेलं नव्हतं, फक्त फॉन्ट नव्हता. जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून त्या फाइल्स घेऊन नव्या मशीनवर इन्स्टॉल केल्या आणि मजकूर होता तसा उभा राहिला. युनिकोडमध्ये लिहिलेल्या फाइल्सना हा त्रास नाही, आणि टायपिंगसाठी मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो.

म्हणून जुनी डिस्क निदान दोन-तीन महिने कपाटात कोरड्या जागी ठेवा. काय राहिलं ते पहिल्या आठवड्यात आठवत नाही.