बांबूची पट्टी किती ताणली गेली हे मोबाइलच्या फोटोंवरून मोजता येतं का?

हो, येतं. गडचिरोलीच्या बांबूवर वजन टांगून, स्ट्रेन गेज (ताण मोजायची चिकटवायची पट्टी) न चिकटवता विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने लांबी किती बदलली ते, मोजायचीय, असं तुम्ही विचारलंय. या पद्धतीला डिजिटल इमेज कोरिलेशन म्हणतात. 1980च्या दशकात साउथ कॅरोलायना विद्यापीठात ती आकाराला आली.

बांबूची साल चमकते, म्हणून आधी पांढऱ्या मॅट रंगाचा पातळ हात द्या. चुना नको, वाकताना पोपडे निघतात. त्यावर जुन्या टूथब्रशने काळे शिंतोडे उडवा, अगदी वेडेवाकडे. फोटोत एक ठिपका 3 ते 5 पिक्सेलचा दिसावा. सॉफ्टवेअर 31×31 पिक्सेलएवढा तुकडा पहिल्या फोटोतून घेऊन पुढच्या फोटोत शोधतं. शेजारच्या तुकड्यांच्या सरकण्यातल्या फरकावरून विकृती निघते. असं एनकॉर (Ncorr) नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्याला मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर लागतं.

खरी गडबड कॅमेऱ्याच्या अंतरात होते. मोबाइल 1 मीटरवर असताना पट्टी त्याच्याकडे 1 मिलिमीटर जरी सरकली, तरी 0.1 टक्का खोटी विकृती दिसते. लोखंड जवळपास तेवढ्यातच कायमचं वाकायला लागतं! म्हणून मोबाइल स्टँडवर घट्ट, पट्टीला काटकोनात, फोकस लॉक. उन्हात सावली सरकते आणि आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा सकाळी पडवीत फोटो काढा.

वजन टांगण्याआधी पाच फोटो घ्याच. त्यांत जी विकृती दिसेल, ती मोजणीतली चूक, कारण तेव्हा पट्टी ताणलेलीच नसते. त्याहून लहान आकड्यावर विश्वास ठेवू नका.