ऑडिट कमिटीत कोण बसतं ते बघ

प्रिय मित्रा,

तुझं टिपण चर्चगेट येईपर्यंत वाचून झालं. मेहनत दिसते. पण "संचालक मंडळावर महिला जास्त असलेल्या कंपन्यांचा नफा अस्सल असतो" हे वाक्य घाईचं आहे. मुळात शिस्तीची कंपनीच संचालक नीट पारखून घेत असेल, तर तिचा हिशेब आधीपासूनच चोख असणार. श्रेय कोणाला देशील?

२०१३च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांना किमान एक महिला संचालक नेमणं भाग पाडलं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिची मुदत १ एप्रिल २०१५ला आली, तेव्हा बऱ्याच प्रवर्तकांनी (कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांनी) बायकोला, मुलीला नाहीतर सुनेला खुर्ची दिली. (त्यातल्या काही खरोखर हुशार, हेही मान्य.) पुढे सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९पासून आणि पहिल्या हजारांना १ एप्रिल २०२०पासून स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांशी नातं किंवा हितसंबंध नसलेली, महिला संचालक सक्तीची केली. तू या दोन्ही प्रकारांना एकाच रकान्यात टाकलं आहेस. ते वेगळे कर.

सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी आठव. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक, माजी कॅबिनेट सचिव, बिझनेस स्कूलचे डीन, अमेरिकेतल्या एक विदुषी. याहून वेगवेगळी माणसं कुठून आणणार? तरी जानेवारी २००९मध्ये तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्रातून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. पाहुणे दहा गावचे, पण ताट वाढणारा हात एकच.

म्हणून वार्षिक अहवालात आधी ऑडिट कमिटी, म्हणजे हिशेबांवर नजर ठेवणारी संचालकांची समिती, बघ. महिला संचालक तिथे आहे का, बैठकांना येते का, आणखी किती कंपन्यांवर आहे, आकडे वाचण्याचा तिला अनुभव आहे का. हेच प्रश्न पुरुष संचालकांबद्दलही विचार. ते कोणी विचारत नाही. मग नफ्याशेजारी कामकाजातून आलेली रोकड मांड, निदान पाच वर्षांची. नफा वाढतोय, रोकड येत नाही आणि येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) विक्रीपेक्षा वेगाने फुगताहेत, तर मंडळ कितीही रंगीबेरंगी असो, सावध हो. मुदतीआधी राजीनामा देणाऱ्या स्वतंत्र संचालकाचं पत्र स्टॉक एक्स्चेंजच्या साइटवर मिळतं. 'वैयक्तिक कारण' दिसलं की त्याच सुमारास ऑडिटर बदललाय का, तेही तपास.

आणि बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) तुझ्या तक्त्यातून काढ. कर्ज वाटणं हाच त्यांचा धंदा, त्यामुळे रोकडीचं हे माप त्यांना लागत नाही. सुधारलेला तक्ता शुक्रवारपर्यंत पाठव.