वाचकांचे प्रश्न : काडतुसे घरी भरावीत का, आणि पिस्तूल नेमबाजी शिकावी कशी?

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात आहे. आजोबांच्या वेळेपासून घरात पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे आणि दारू व छर्रे मोजून बार भरताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझे मावसभाऊ अमेरिकेत असतात. ते पिस्तुलाची काडतुसे गॅरेजमधल्या हातयंत्रावर स्वतः भरतात आणि स्पर्धेत तीच वापरतात. पुढच्या खेपेस तसे एक यंत्र माझ्यासाठी आणायला ते तयार आहेत. मला पिस्तूल नेमबाजी शिकायची आहे, तर सुरुवात काडतुसे भरण्यापासून करावी काय?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : यंत्र आणायला सांगू नका, हे सर्वांत आधी लिहिणे भाग आहे. शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात तयार काडतुसांबरोबर काडतुसांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे तुमच्या मावसभावाच्या सामानातले ते यंत्र रिकामे असले, त्याच्यासोबत चिमूटभर दारू नसली, तरी कायद्याच्या नजरेत ते निरुपद्रवी लोखंड राहत नाही. काडतुसे तयार करण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. तो नसताना काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा 7 वर्षांची आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. तुमच्या घरातला परवाना तर पिकाच्या राखणीपुरता आहे. वानर आणि रानडुक्कर यांच्यासाठी मिळालेली मुभा खेळासाठी ताणता येत नाही.

तरीही तुमचे कुतूहल रास्त आहे, म्हणून ही मंडळी घरी काडतुसे का भरतात ते सांगतो. काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी मधोमध बसवलेला प्रायमर (ठोक्याने पेटून दारू पेटवणारी टोपी), आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार झाल्यावर प्रायमर, दारू आणि गोळी संपतात, पण चारांतली सर्वांत महाग वस्तू असलेली पुंगळी शिल्लक राहते. बाराच्या दाबाने ती किंचित फुगलेली असते. ती साच्यातून दाबून मूळ मापावर आणायची, जुना प्रायमर काढून नवा बसवायचा, ग्रेनमध्ये तोलून दारू घालायची आणि ठरलेल्या खोलीपर्यंत गोळी बसवायची, असे हे काम आहे. एक ग्रेन म्हणजे साधारण 0.065 ग्रॅम, यावरून ते किती नाजूक आहे हे ध्यानात येईल. पैसा वाचतो हे एक कारण झाले. खरे आकर्षण मात्र असे, की आपल्या पिस्तुलाच्या नळीला मानवेल असा एकसारखा बार पुन्हा पुन्हा मिळवता येतो.

ठासणीच्या बंदुकीचा अनुभव येथे उपयोगी पडेल, असे तुमच्या पत्रातून जाणवते. तो उपयोगी पडत नाही, उलट दिशाभूल करतो. ठासणीत काळी दारू असते आणि ती साधारणपणे आकारमानाने मोजली जाते. आजच्या पिस्तुलाच्या काडतुसात धूरहीन दारू असते आणि ती पुष्कळदा पुंगळीचा निम्मा भागही व्यापत नाही. त्यामुळे लक्ष विचलित होऊन एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली, तरी ती सहज मावते, आणि तो बार पिस्तूल व हात दोन्ही फोडू शकतो. दारू मुळीच पडली नाही, तर एकट्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते आणि खरा धोका तिच्यामागून सुटणाऱ्या पुढच्या गोळीचा असतो. जेथे हा छंद कायदेशीर आहे, तेथेही सराव असलेले लोक कामाच्या वेळी गप्पा मारत नाहीत आणि गोळी बसवण्याआधी दिव्याखाली प्रत्येक पुंगळीत डोकावतात.

आता तुमच्या मूळ इच्छेकडे येतो, कारण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी या खेळाला घरी भरलेल्या काडतुसाची गरज फारशी नाही. ऑलिंपिकमधल्या पिस्तुलाच्या प्रकारांत 10 मीटरला हवेच्या दाबाने सुटणारा 4.5 मिलिमीटरचा छर्रा वापरतात, तेथे काडतूसच नाही. 25 मीटरच्या स्पोर्ट पिस्तूल आणि रॅपिड फायर या प्रकारांत पॉइंट टू टू बोअरचे काडतूस चालते. त्यात प्रायमर वेगळा नसतो. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि फायरिंग पिनच्या ठोक्याने ती कड चेपली गेली की पुंगळी कायमची बाद होते. ती पुन्हा भरताच येत नाही. भरण्याजोगे काडतूस उरते ते 25 मीटर सेंटर फायर (म्हणजे बुडाच्या मधोमध प्रायमर असलेल्या काडतुसाच्या) या प्रकारात, आणि तो ऑलिंपिकमध्ये नाही. नेमबाज जसपाल राणा यांनी 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 590 गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात. पण तेथवर पोहोचणाऱ्याची सुरुवातही सहसा एअर पिस्तुलानेच झालेली असते.

तुमच्यातला मापे काढणारा माणूस मात्र उपाशी राहणार नाही. स्पर्धेचे छर्रे 4.49, 4.50 अशा मिलिमीटरच्या शतांशाने वेगळ्या डोक्यांचे मिळतात. पिस्तूल पकडीत घट्ट बांधून प्रत्येक मापाचे काही छर्रे लक्ष्याच्या एकाच कार्डावर सोडून पाहायचे आणि ज्या मापाची छिद्रे सर्वांत जवळ पडतील, त्याच उत्पादन-गटाचे डबे साठवायचे, ही चाचणी नामांकित नेमबाजही करतात. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा काट्यावर तोलून वेगळा काढण्याची हौसही भागवता येईल. सुरुवातीची दोन वर्षे त्याने गुण वाढणार नाहीत, एवढे मात्र आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मी वेंगुर्ल्यात शिक्षिका आहे, वय 43. एअर पिस्तूल शिकावे असे मनात आहे, पण जवळपास रेंज नाही. घरच्या घरी सराव होऊ शकतो का? परवाना लागतो का? आणि पिस्तूल कोणते घ्यावे?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : सध्याच्या नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा 6 ज्यूलच्या आसपास असते. विक्रेता ओळखपत्र मागेल, ते द्यावे आणि बिल जपून ठेवावे. वयाची काळजी सोडा, कारण या खेळात धावायचे नसते. प्रौढांचे वेगळे गट स्पर्धांत असतात.

पिस्तूल मात्र लगेच घेऊ नका. वेंगुर्ल्याहून आंबोली घाटाने कोल्हापूर गाठता येते आणि तेथे नेमबाजीची परंपरा मोठी आहे. 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकणाऱ्या राही सरनोबत कोल्हापूरच्याच. सुट्टीत काही दिवस तेथील एखाद्या प्रशिक्षकाकडे क्लबच्या पिस्तुलावर उभे राहणे कसे वाटते ते पाहा. मूठ हाताच्या मापाची लागते, आणि ते माप दुकानाच्या संकेतस्थळावरच्या छायाचित्रावरून कळत नाही. सिनेमातल्या पिस्तुलासारखे दिसणारे स्वस्त हवाई पिस्तूल हौसेला ठीक आहे, पण त्याच्या जड ट्रिगरवर लागलेली सवय मोडायला पुढे फार त्रास होतो. स्पर्धेत ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम आणि पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त 1500 ग्रॅम असावे, असा नियम आहे. ते एकाच हाताने धरायचे असते.

या खेळाचे मर्म एका हिशेबात सांगता येते. नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे आणि मागे बसवलेल्या दोन साइटमधले अंतर साधारण 320 मिलिमीटर धरू. कार्डावरचे दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. हात थरथरून सबंध पिस्तूल एक मिलिमीटर बाजूला सरकले, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो आणि दहा गुण शाबूत राहतात. पण मनगट किंचित वळून पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर डावीकडे गेली, तर 10 मीटरवर ती चूक सुमारे 31 मिलिमीटरची होते आणि हाती सात गुण पडतात. नवशिके नेमके उलट करतात. ते काळ्या वर्तुळाकडे टक लावून हात स्थिर करू पाहतात आणि साइटकडे दुर्लक्ष करतात. नजर पुढच्या साइटवर रोखायची आणि काळे वर्तुळ धूसर दिसू द्यायचे, हे मनाला पटायलाच बरेच दिवस जातात.

म्हणूनच घरचा सराव पुष्कळ होतो, आणि तोही छर्र्याशिवाय. पांढरी भिंत समोर घ्यावी, तिच्यावर कार्ड लावू नये. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते डोळ्यांच्या वर उचलावे, अर्धा श्वास सोडत खाली आणावे, दोन्ही साइट एका रेषेत आल्या की ट्रिगर सरळ मागे दाबत जावे. ट्रिगर सुटल्यावरही दोन सेकंद तसेच उभे राहून पुढची साइट हलली का, ते पाहावे. आठ-दहा सेकंदांत बार सुटला नाही, तर हात खाली घ्यावा. ओढूनताणून सोडलेला बार वाईटच जातो. स्पर्धेच्या पिस्तुलांत अशा कोरड्या सरावाची सोय असते, स्प्रिंगच्या पिस्तुलात मात्र छर्रा न घालता बार काढू नये, कारण आतला दट्ट्या मोकळा आपटून खराब होतो.

छर्रे सोडायचे असतील, तर आपल्याकडच्या लांब पडवीत 10 मीटर मिळू शकतात. कार्डाचा मध्य जमिनीपासून 140 सेंटिमीटरवर घ्यावा आणि मागे तिरक्या पत्र्याची छर्रा अडवणारी पेटी ठेवावी. चिऱ्याच्या भिंतीवर थेट बार काढू नये, छर्रा उलटून येतो. मागील दाराने कोणी अचानक समोर येणार नाही, अशी दिशा निवडावी आणि सरावात डोळ्यांवर चष्मा असावा.

पुढची वाट जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय अशी आहे. सामन्यात 60 बार असतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यासाठी 1 तास 15 मिनिटे मिळतात. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी म्हणून जी स्पर्धा ओळखली जाते, ती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या नावाची आहे. लोकसभेचे पहिले सभापती असलेले मावळंकर 1951 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष होते, आणि त्यांचे घराणे मूळचे संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचे. कोकणात रेंज कमी असल्या, तरी नेमबाजी आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही.

प्रश्न : पावसाळ्यात छर्र्यांवर पांढरी भुकटी धरते आणि पिस्तुलावर गंज दिसू लागतो. खोबरेल तेल लावले तर चालेल का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : खोबरेल लावू नये. 24 अंशांच्या खाली ते थिजते, काही महिन्यांनी चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. बाहेरच्या पोलादी भागावर बंदुकीच्या तेलाचा पुसट हात पुरे. हवेच्या झडपेत आणि रबरी वायसरांत तेल जाऊ देऊ नये. गंज बहुधा पेटीतल्या स्पंजमुळे येतो, कारण तो दमट हवा धरून ठेवतो. जून ते सप्टेंबर पिस्तूल त्या पेटीत न ठेवता सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलपाच्या कपाटात ठेवावे. पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरता येतात. पिस्तुलाला दाबाखालची हवा पुरवणाऱ्या सिलिंडरवर छापलेली मुदतीची तारीखही पाहून घ्यावी. मुदत संपलेला सिलिंडर 200 बार (हे हवेच्या दाबाचे एकक) इतक्या दाबाने भरणे धोक्याचे असते.

पांढरी भुकटी शिशाची आहे आणि ती विषारी असते. फुंकर मारून ती उडवू नका. असे छर्रे वापरातून काढून बंद डब्यात वेगळे ठेवा आणि शिसे घेणाऱ्या भंगारवाल्याकडे द्या. नवीन डबा उघडला की झाकणावर तारीख लिहून तो घट्ट बंद होणाऱ्या बरणीत ठेवावा. सरावाच्या वेळी काही खाऊ नये आणि सराव संपल्यावर चहाच्या कपाला हात लावण्याआधी हात साबणाने धुवावेत. घरात लहान मूल असेल, तर छर्रे जमिनीवर सांडलेले राहू देऊ नयेत आणि छर्रा अडवणाऱ्या पेटीतला कचरा केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.