मुलाला टीममधून काढलं, आता काय करायचं?

शाळा-कॉलेजांच्या निवड चाचण्या आटोपल्या की पालक एक ठरलेली काळजी घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात. मुलाला टीममधून काढलं, तेव्हापासून तो धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. त्याला दुसरीकडे खेळायला घालावं, की खूळ एकदाचं संपलं म्हणून अभ्यासाला बसवावं? आई-वडील हे विचारत असतात तेव्हा मुलगा बहुधा बाहेरच्या बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो. एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून एका मुलाची हकिकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

मुलगा बेळगावचा, अनगोळ भागातला. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला, आई घरी शिलाई करते. सहावी-सातवीतच तो वर्गातल्या मुलांपेक्षा हातभर उंच झाला होता. शाळेतल्या सरांनी त्याला बघितलं आणि बास्केटबॉलच्या रिंगखाली उभं केलं. चार वर्षं त्याचं काम एकच. रिंगजवळ थांबायचं, चेंडू आला की आत घालायचा, हुकलेला चेंडू उडी मारून धरायचा. पोरं त्याला लंबू म्हणायची आणि ते त्याला आवडायचं. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, त्याची उंची ५ फूट १० इंचांवर येऊन थांबली. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, नव्या कॉलेजच्या टीममध्ये त्याला घेतलं खरं, पण तिथे त्याच्याहून उंच तिघे होते. दोन महिन्यांनी एका रात्री टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून त्याचं नाव काढलं गेलं. कुणी काही सांगितलं नाही. हल्ली बरीच मुलं मला हेच सांगतात, की काढल्यापेक्षा ते असं कळलं याचा त्रास जास्त झाला.

"पहाटे साडेपाचला उठून जायचा हो मॅडम," वडील म्हणाले. "आता नऊ वाजले तरी झोपूलालाय. आमच्यात रिजेक्ट निघालेला पीस परत भट्टीत घालतो. ह्याला कुठल्या भट्टीत घालू, सांगा की."

मी त्यांना म्हटलं, दादा, पीस रिजेक्ट झाला की तुम्ही तो वितळवता. हे पोरगं वितळवायचं नाहीय.

अशा वेळी मी आधी खेळाचं बोलतच नाही. झोप किती, जेवण किती, अंघोळ-मित्र-अभ्यास यातलं काय चालू आहे आणि काय बंद पडलंय, "जगून काय उपयोग" असं काही बोलला का, हे विचारते. दहा-बारा दिवस तोंड पाडून बसणं या वयात स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटूनही सगळंच बंद असेल, किंवा मरणाची भाषा एकदाही निघाली असेल, तर समुपदेशक, डॉक्टर, कुणीतरी गाठायलाच हवं. तोवर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती २०२२ मध्ये सुरू झाली, फोन फुकट लागतो आणि निरनिराळ्या भारतीय भाषांत बोलता येतं. या मुलाचं तेवढ्यावर गेलं नव्हतं. तो जेवत होता, फक्त सगळ्यांबरोबर बसत नव्हता.

पहिल्या भेटीत तो "हं" आणि "नाही" याच्या पलीकडे गेला नाही. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, तुला नेमकं काय गेलंसं वाटतं? बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मी खेळाडू नव्हतोच मॅडम. नुसता उंच होतो. आता उंचपण नाही."

ही समजूत इतकी पक्की बसण्यामागे शरीराचं एक साधं कारण आहे, ते पालकांना सांगावं लागतं. मुलग्यांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण तेरा-चौदाच्या सुमारास. पण कुणाचा हा काळ अकरा-बारालाच येऊन जातो, कुणाचा पंधरापर्यंत येत नाही. लवकर वाढलेल्या मुलांना शाळेच्या टीममध्ये आधी जागा मिळते, आणि बहुतेकदा एकच काम मिळतं. चेंडू पुढे नेणं, हालचाल वाचणं, पास देणं हे बाकीची पोरं शिकत असतात तेव्हा हा रिंगखाली उभा असतो. पुढे ती पोरं उंचीत त्याला गाठतात आणि त्याच्याकडे काहीच उरलं नाही असं दिसतं. खेळवणाऱ्याला दिसतं आणि मुलालाही. यात कुणी लबाडी केलेली नसते.

वडिलांना मात्र लबाडीची खात्री होती. "आपण मराठी म्हणून काढलं" हे वाक्य आमच्या भागात फार लवकर तोंडावर येतं. त्यामागे जुनी दुखणी आहेत, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण या टीममध्ये आणखी तीन मराठी मुलं खेळत होती, हे मुलानेच सांगितलं. दुसरी एक गोष्ट मात्र खरी होती. सरांच्या सूचना कन्नडमध्ये असायच्या, हा सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला, सूचना अर्धी कळायची आणि परत विचारायला लाजायचा. बाजारात, बसमध्ये तो बिनधास्त कन्नड बोलतो. मैदानावर मात्र गप्प. सरांच्या लेखी हा नुसता मान हलवणारा मुलगा होता.

म्हणून आम्ही ठरवलं की त्याने सरांना एकट्याने भेटायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. वडिलांनी बरोबर जायचं नाही. जाब विचारायचा नाही, परत घ्या म्हणायचं नाही. "सर, नानु एनु कलिबेकु?" मी काय शिकायला हवं, एवढंच. माझ्या समोर त्याने ते दोनदा म्हणून बघितलं, हसला, आणि आठवडाभर टाळून एकदाचा गेला. सर आधी अवघडले, मग त्यांनी सरळ सांगितलं. सेंटरला, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या जागी, तू बुटका पडतोस. गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्याच्या जागी, खेळवायचं तर तुझा चेंडूवर हात नाही. यंदा शिकवायला मला वेळ नाही.

कडू उत्तर होतं. पण त्यात "तू टाकाऊ" हे कुठेच नव्हतं, आणि पोराने ते आपणहून ओळखलं. आतापर्यंत त्याला "तू खेळाडू नाहीस" असं प्रत्यक्ष कुणीच म्हटलेलं नव्हतं. ते तो स्वतःच स्वतःला सांगत होता.

इथे पालक अमेरिकन बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची गोष्ट काढतात. फोनवर फिरत असते ती. शाळेच्या टीमने हाकललं आणि पुढे तो जगात पहिला झाला. झालं होतं ते असं. १९७८ मध्ये विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये त्याला वरच्या संघाऐवजी कनिष्ठ संघात घातलं आणि वरच्या संघात त्याच्याच वर्गातला, त्याच्याहून पुष्कळ उंच लिरॉय स्मिथ गेला. पुढे जॉर्डन स्वतःच भराभरा उंच झाला. ज्याची वाढ थांबली आहे त्या पोराला हे ऐकवून काय मिळणार?

मी त्याला बोरिस दिआवचं सांगितलं. आमच्या घरी अमेरिकन बास्केटबॉलचं वेड असलेला एक माणूस आहे, त्याच्यामुळे मला हे ठाऊक. दिआव फ्रान्सचा. २००३ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या अटलांटा हॉक्स संघाने त्याला घेतलं. तिथे दुसऱ्या मोसमात त्याचे सामन्याला सरासरी ४.८ गुण, म्हणजे असून नसल्यासारखाच. २००५ मध्ये अटलांटाला फिनिक्स सन्स संघाकडून जो जॉन्सन नावाचा खेळाडू हवा होता, त्याच्या बदल्यात जे दिलं त्यात हाही गेला. फिनिक्सचा मुख्य उंच खेळाडू अमारे स्टाउडमायर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे जवळजवळ पूर्ण मोसम बाहेर होता. प्रशिक्षक माइक डँटोनी यांनी दिआवला सेंटरला उभं केलं, पण रिंगखाली खिळवून ठेवलं नाही. तो मध्ये थांबून इतरांना पास द्यायचा. त्या मोसमात सरासरी १३.३ गुण, ६.२ असिस्ट (ज्यावर दुसऱ्याने गुण केला असे पास), आणि सर्वाधिक प्रगती केलेल्या खेळाडूचं पारितोषिक.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही गोष्ट सांगितली नसती, फार गोड झाली असती. २००८ मध्ये फिनिक्सनेही त्याला शार्लटच्या संघाकडे धाडलं. २०११-१२ च्या मोसमात या शार्लटने ६६ पैकी ७ सामने जिंकले. एनबीएच्या इतिहासात विजयाचं इतकं कमी प्रमाण कुठल्याच मोसमात कुणाचं नव्हतं. अशा टीमनेही मार्च २०१२ मध्ये दिआवला सोडून दिलं. वजन वाढलंय, मन नाही, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं. काही दिवसांतच सॅन अँटोनियो स्पर्सने त्याला घेतलं. २०१४ च्या अंतिम मालिकेत मायामी हीटविरुद्ध तिसऱ्या सामन्यापासून तो सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत उतरला आणि स्पर्सने मालिका ४-१ अशी जिंकली. लीगमधल्या सगळ्यात वाईट टीमला नको असलेला माणूस, दोन वर्षांनी सगळ्यात चांगल्या टीमच्या पहिल्या पाचांत.

पोराचे डोळे वगैरे भरून आले नाहीत. तो म्हणाला, "म्हणजे सेंटर असून पास देत होता?" घरी जाऊन त्याने व्हिडिओ शोधले. पुढच्या भेटीला मला न समजणाऱ्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्यातली एक समजली. रिंगखाली उभं राहून चार वर्षं त्याने पाहिलं होतं की कोण कुठून आत शिरतो आणि कधी शिरतो. हे आपल्याला येतं, याची मोजदाद त्याने कधी केलीच नव्हती, कारण गुणफलकावर ते येत नाही.

मग घडलं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. निपाणीला आजी घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. आईला माहेरी जाऊन राहावं लागलं, आणि दुसऱ्या वर्षाला मुलाचंही नाव मामाच्या ओळखीने तिथल्याच कॉलेजात घातलं. वडील बेळगावात एकटे. बास्केटबॉलचा विषयही नव्हता. त्या कॉलेजच्या टीममध्ये मोजकी पोरं, सगळी बुटकी आणि चपळ, आणि क्रीडाशिक्षक मूळचे कबड्डीचे. त्यांनी याला बघितलं आणि म्हणाले, तू रिंगखाली थांब.

इथे तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, सर, मी खाली नको, रिंगपासून जरा लांब, फ्री थ्रो लाइनवर थांबतो, चेंडू माझ्याकडे द्या आणि ही पोरं पळू देत. सरांना त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी हो म्हटलं. जाणकार सर असते तर कदाचित नाही म्हणाले असते! कबड्डीवाल्यांना चपळ पोरांनी आत घुसण्याचं कौतुक असतंच. दोन महिन्यांत ती पोरं त्याच्याकडे न बघता धावायला लागली, चेंडू येणार या भरवशावर.

त्या वर्षी चिकोडी शैक्षणिक जिल्ह्याच्या पदवीपूर्व कॉलेजांच्या स्पर्धेत त्यांनी अंतिम सामना जिंकला. रात्री मला फोन आला. "मी सहाच पॉइंट केले मॅडम. पण बाकीचे बघायला पाहिजे होते तुम्ही." राज्य पातळीवर पहिल्याच सामन्यात दणकून हरले.

वडिलांची हौस वेगळी होती, जुन्या कॉलेजला हरवायची. ती राहिली. निपाणी तालुका चिकोडीत मोडतो, जुनं कॉलेज बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात, गाठ पडली असती ती राज्य पातळीवरच. "चांगला सूड हुकला," वडील म्हणाले. पोराला त्याचं काहीच वाटलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

सगळ्यांचं असं होत नाही. खानापूर भागातली एक मुलगी अशीच वगळली गेली, वर्षभर दुसरी टीम शोधली, मिळाली नाही, खेळ सोडला आणि आता छान शिकते आहे. तिच्याशीही काम तेच होतं. टीममधली जागा गेली म्हणजे तू गेलीस असं नाही, इथवर यायचं. पुढे नवी टीम मिळाली तर मिळाली.

पालकांना मी एवढंच मागते, की पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी टाळा. "बरं झालं, आता अभ्यास तरी करशील" म्हणू नका. त्याचं दुःख तुम्हाला फायद्याचं वाटतं, असा अर्थ तो घेतो. आणि सरांशी भांडायला जाऊ नका. तुमचं भांडण झालं की त्याला विचारायची वाट बंद होते. त्याने बोलायला सुरुवात केली की काय गेलं ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. आमच्याकडच्या घरांत हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं.

मुलगा आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, परत बेळगावात. नव्या कॉलेजच्या निवड चाचणीला जावं का, असं वडील परवा विचारत होते. परत काढलं तर? मी म्हटलं, जाऊ दे की. फक्त यंदा पहिल्याच दिवशी त्याने सरांना विचारावं, की टीममध्ये माझ्यासाठी काम कुठलं आहे. वडील म्हणाले, ते त्याने आधीच विचारलंय, उत्तर सोमवारी मिळणार आहे.