प्रोबेशनचं कारण सांगून नोंदणी थांबवू नकोस
पगारपत्रकाचं काम आता तुझ्याकडे आलंय. "प्रोबेशन संपू दे, मग पीएफ-ईएसआयचं बघू" असं मालक म्हणाले, तर त्यांना तिथेच थांबव. पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा; कायद्यात प्रोबेशनला सूट नाही. पात्र माणूस रुजू झाला त्या दिवसापासून सभासद, मग तो कंत्राटदाराचा का असेना.

पहिल्याच दिवशी पीएफचा अकरा नंबरचा फॉर्म भरून घे आणि जुना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ क्रमांक, विचार. पगार १५,००० च्या वर आहे म्हणून सोडून देऊ नकोस; आधीपासून सभासद असेल तर पीएफ कापावाच लागतो. नाव, जन्मतारीख आधारशी जुळवून घे. नाहीतर पुढे पैसे काढताना त्या बिचाऱ्याचीच फरफट होते.

ईएसआयला तर एक दिवसही उशीर नको. २१,००० पर्यंत पगार असलेल्याने मशिनला हात लावण्याआधी त्याचा विमा क्रमांक निघालेला हवा. कामाच्या पहिल्याच दिवशी बोट तुटलं तरी अपंगत्वाचा लाभ मिळतो, किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. पण नोंदणी अपघातानंतरची दिसली की चौकशी लागते, आणि हाताला बँडेज बांधलेला माणूस हेलपाटे घालत बसतो. हे मला बघवत नाही.

वर्गणी दोन्हीकडे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. शेवटच्या दिवशी पोर्टल अडखळतं, चलन आधीच काढ. मधेच पगार २१,००० च्या वर गेला तरी ईएसआय लगेच बंद करायचा नाही. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, चालू सहामाही संपेपर्यंत कापत राहायचं.