मुलाच्या पडक्या घराच्या हीटिंगसाठी एफडी मोडू का?

काका, मुलाने अमेरिकेत क्लीव्हलंडला स्वस्तात पडकं घर घेतलं, पक्कं हीटिंग नाही म्हणून इन्स्पेक्टर राहायला जाऊ देत नाही, काँट्रॅक्टरचं कोटेशन 22 लाखांचं आणि तुम्ही दादरची एफडी मोडून सगळे पाठवायला निघालात. जरा थांबा.

तुम्ही विचारलंय की खोलीखोलीत प्लगवाला हीटर ठेवला तर? नाही चालत. आपल्या मुंबईकरांचं हीटिंग गिझरपाशी संपतं, पण तिथल्या बांधकाम कोडात राहत्या खोल्यांत 20 अंश टिकले पायजेत, तेही ऐन थंडीत, आणि मोजायचं जमिनीपासून तीन फूट वर, बाहेरच्या भिंतीपासून दोन फूट आत. उचलून नेता येणारे हीटर त्यात धरतच नाहीत.

पण कोडला हवेत फक्त 20 अंश, आणि कोटेशनमध्ये तर सेंट्रल एसीपण घातलाय, सगळे डक्टपण (हवा खोल्यांत नेणारे नळ) नवे! खालचे डक्ट धड असतील तर फक्त फर्नेस, म्हणजे हवा तापवणारी भट्टी, बदला. वरच्या दोन खोल्यांत डक्टच नाहीयेत, तिथे भिंतीच्या पायथ्याशी फिक्स, विजेवरचा बेसबोर्ड हीटर, बसवायला स्वस्त पण एक युनिट वीज खाऊन एकच युनिट उष्णता देणार, मिनीस्प्लिट हीट पंप, म्हणजे स्प्लिट एसीसारखं पण बाहेरची उष्णता आत खेचणारं यंत्र, दोन-तीन युनिटं देतो. म्हणजे मुलगा-सून वरच झोपणार असतील तर मिनीस्प्लिट, नुसती पाहुण्यांची खोली असेल तर बेसबोर्ड. आणि त्याआधी माळ्याचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारं अस्तर), नाहीतर मशीन उगाच मोठं घ्यावं लागतं. काँट्रॅक्टर हीट पंपवर सरकारी टॅक्स क्रेडिट (टॅक्समधली सूट) दाखवत असेल तर अमेरिकेच्या केंद्र सरकारचं ते 2025 अखेर बंद झालंय, हिशोबात धरू नका.

आता तुमचे पैसे. एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलेत की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ टॅक्स, 22 लाखांवर 2 लाख 40 हजार अडकले, रिटर्न भरल्यावर मिळतात पण तोवर तुमच्या हातात नाहीत. मर्यादा माणशी आहे, काकूंची स्वतःची एफडी असेल तर थोडे त्यांच्या खात्यातून, किंवा थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये. एफडी मुदतीआधी मोडली तर बऱ्याच बँका अर्धा-एक टक्का व्याज कापतात, म्हणून लागेल तेवढीच मोडा. आजारपणासाठी ठेवलेल्या एफडीला मात्र हात लावायचा नाही, मुलगा कमावता आहे, उरलेल्याचं तो तिकडे लोन काढू शकतो.

मुलाला सांगा, फर्नेस, वरच्या खोल्या आणि एसी असे तीन वेगळे आकडे मागव, सोबत खोलीवार हीट लोडचा, म्हणजे कुठल्या खोलीला किती उष्णता लागते त्याचा, हिशोब. ते आले की मला पाठवा, मग मार्चमध्ये किती पाठवायचे ते बघू.